वायतुरा: नाव आणि गाव

घरात मराठी, रावपुऱ्याच्या दुकानात गुजराती, वर्गात इंग्रजी. मग कुणीतरी म्हणतंच, "तुमच्या भाषेची खिचडी झालीय." अशा वेळी मला वायतुरा आठवतो.

हे सातारा जिल्ह्यातल्या पठारांवरचं पाणथळ जागेतलं रानफूल. शास्त्रीय नाव अ‍ॅपोनोजेटॉन सातारेन्सिस, म्हणजे आडनावातच सातारा! सुंदरराघवन, कुलकर्णी आणि यादव या अभ्यासकांनी १९८२ साली ही जात शास्त्राला ओळखीची करून दिली. जांभळट-गुलाबी तुरा देठाच्या टोकाला दुभंगतो आणि इंग्रजी 'वाय' तयार होतो. वाय अधिक तुरा, मी तरी नावाची फोड अशीच करते. खिचडीच की ही, पण किती नेमकी.

कासच्या पठारावर जांभा खडक आणि त्यावर मातीचा पातळ थर. पावसाळ्यात खोलगट जागी पाणी साचतं, त्या उथळ डबक्यांत वायतुरा फुलतो. पाणी आटलं की पानं-फुलं जातात, कंद तेवढा मातीत राहतो. एप्रिलमध्ये तिथे गेलात तर म्हणाल, इथे काय आहे, नुसता कातळ! घोटाळा इथेच होतो. पडीक समजून कुणी गाडी घातली, माती उपसली, तर पुढच्या पावसाळ्याचा कंदच जातो.

२०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत कास आलं. आजूबाजूची सगळी पठारं मात्र त्यात नाहीत, आणि डबकी तिथेही भरतात. भर पावसात सहल काढलीत तर फोटो काठावरूनच घ्या. डबक्यात पाय नको.