‘अशुद्धी’ की ‘खिळलेले कण’?

पदार्थविज्ञानाच्या एका विद्यार्थिनीने मराठीतून लिहिलेला निबंध भाषेच्या तपासणीसाठी माझ्याकडे आला. विषय होता एकपदरी कणरचनांचे वितळणे. तिने जागोजागी ‘खिळलेले कण’ लिहिले होते. मी ते लाल शाईने खोडून ‘अशुद्धी’ केले. रूढ प्रतिशब्द तोच, एवढेच माझे कारण. दुसऱ्या दिवशी ती निबंध घेऊन आली आणि मलाच शिकवू लागली.

रांगोळीचे ठिपके आठवा. एकाआड एक ओळ अर्ध्या घराने सरकवली, की प्रत्येक ठिपक्याला सहा शेजारी मिळतात. एका थरात पसरलेले कण घन अवस्थेत असेच बसतात. बर्फाचा खडा थेट पाणी होतो. हा थर मात्र दोन टप्प्यांत वितळू शकतो. ही उपपत्ती १९७०च्या दशकात कोस्टरलिट्झ, थाउलेस, हॅल्परिन, नेल्सन आणि यंग यांनी उभी केली. थरातली एखादी ओळ मध्येच संपते. त्या टोकाशी एका कणाला पाच शेजारी असतात, लगतच्याला सात. अशी तुटकी टोके मोकळी फिरू लागली, की कणांच्या जागांची शिस्त मोडते, पण ओळींची दिशा बरीचशी टिकते. ही मधली अवस्था म्हणजे ‘हेक्सॅटिक’. पुढे पाच-सातांची जोडीही फुटते, दिशा हरवते आणि द्रव उरतो.

२०१३ साली जर्मन संशोधकांनी सूक्ष्म चुंबकीय कणांच्या थरातले काही कण तळाशी खिळलेले असताना हे वितळणे पाहिले. खिळलेला कण जाळीच्या नेमक्या घरात असेलच असे नाही. शेजारच्या ओळींना त्याच्याभोवती वाकावे लागते. म्हणून घन अवस्था कमी तापमानालाच मोडली. हेक्सॅटिक आणि द्रव यांमधली सीमा मात्र फारशी हलली नाही. परिणामी मधली अवस्था रुंदावली.

इथेच तिने मला अडवले. “सर, खिळलेला कण बाकीच्यांसारखाच आहे. फक्त त्याला हलता येत नाही. मग तो अशुद्ध कसा?”

जुन्या मराठीत ‘अशुद्ध’ म्हणजे रक्त, हे मी वर्गात हौसेने सांगतो. पण हा शब्द इथे वाचकाला परक्या द्रव्याची भेसळ शोधायला लावतो, हे मला सुचले नव्हते. सिलिकॉनमध्ये फॉस्फरस मिसळतात तिथे ‘अशुद्धी’ चालेल. इथे चालणार नाही.

तिचा शब्द मी सगळीकडे परत लिहिला. ‘हेक्सॅटिक’साठी तिने ‘षड्दिश’ सुचवला आहे. मला तो उच्चारायला जड वाटतो. त्यावर आमचे अजून जमलेले नाही.