रिटर्न एजंटने भरलं, ओटीपी तुम्ही दिला



सोयाबीनवरच्या चक्रीभुंग्याचा सल्ला सोमवारी टाकतो. आज विषय वेगळा आहे. मी कृषी पदविकावाला, करसल्लागार नव्हे. पण पंधरा दिवसांत चार सभासद आयकराचा मेसेज दाखवायला ऑफिसला आले, म्हणून माहिती काढली. जे पक्कं आहे तेवढंच लिहितो.

चौघांचंही म्हणणं एकच, "साहेब, आम्ही काही केलं नाही, सगळं एजंटने भरलं." कायद्यात हे चालत नाही. रिटर्न दुसऱ्याने टाइप केलं तरी शेवटी आधारचा जो ओटीपी येतो, तो दिला की ती तुमची सही. आतलं सगळं खरं आहे असं तुम्हीच सांगितलंत. खोटी वजावट किंवा खोटं उत्पन्न दाखवून कर बुडवला, तर मूळ कर आणि व्याजाशिवाय बुडवलेल्या कराच्या 200 टक्के दंड लागू शकतो. तो तुमच्या पॅनवर लागतो, एजंटच्या नाही.

मग एजंट मोकळा का? नाही. 2025 मध्ये आयकर कायदा 1961, कलम 278 प्रमाणे खोटं रिटर्न करायला मदत करणाऱ्यावरही खटला होत होता. तेव्हा 3 महिने ते 2 वर्षं सक्तमजुरी आणि दंड होता. बुडवलेला कर 25 लाखांच्या वर असेल तर 6 महिने ते 7 वर्षं होती. आणि हे नुसतं कागदावर नाही. 14 जुलै 2025 ला आयकर खात्याने देशभर 150 ठिकाणी तपासणी केली, त्यात आपला महाराष्ट्रही होता. कमिशन घेऊन खोट्या वजावटी टाकणारे हे लोक. काहींनी तर रिटर्नसाठी तात्पुरते ईमेल उघडले आणि नंतर सोडून दिले. नोटीस त्या ईमेलवर जाऊन पडते, करदात्याला पत्ताच नसतो! आपल्या चौघांपैकी दोघांच्या रिटर्नवरही ईमेल एजंटचाच निघाला.

आता आपल्या कामाचं. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, पण दूध आणि कोंबड्यांचं उत्पन्न आयकरात शेतीत धरत नाहीत. "सगळं शेतीत टाकून देतो" म्हणणाऱ्यापासून लांब राहा. घरात कोणी नोकरीला असेल आणि त्याच्या नावावर शेती उत्पन्न 5,000 रुपयांच्या वर असेल, तर त्याला आयटीआर-1 फॉर्म चालत नाही.

दुसरा प्रकार जास्त वाईट वाटला. ट्रॅक्टरच्या कर्जासाठी एका सभासदाच्या नावावर एजंटने नसलेलं किराणा दुकान दाखवलं, थोडा कर पण भरला. कर्ज झालं. पण मागच्या कर निर्धारण वर्षात घरातल्या कोणी आयकर भरला असेल, तर पीएम-किसानला ते कुटुंब अपात्र ठरतं. त्यांचा हप्ता बंद झाला, त्यामागे नमो शेतकरीचाही. नुसतं रिटर्न भरल्याने हप्ता जात नाही, कर भरला तर जातो. हा फरक एजंटने सांगितला नाही, आणि त्यांनीही विचारला नाही.

माणूस कसा ओळखायचा? जो रिफंडवर टक्केवारी मागतो, तिथून सरळ उठा. सीएला अशी टक्केवारीची फी घ्यायला त्यांच्या कायद्यानेच बंदी आहे. सरकारमान्य टॅक्स रिटर्न प्रिपेअरर असेल तर त्याने रिटर्नवर स्वतःची सही करून तुम्हाला प्रत द्यायची असते. बाकी कोणीही असो, मोबाईल आणि ईमेल तुमचाच टाका, पासवर्ड तुमच्याकडे ठेवा, आणि ओटीपी सांगण्याआधी वजावटीचं पान वाचून घ्या. मुलगा-मुलगी कॉलेजात असेल तर शेजारी बसवा. आपण औषधाच्या डब्यावरचं लेबल वाचतो, तेवढाच वेळ लागतो.

2025 मध्ये रिटर्नची मुदत 16 सप्टेंबर होती. भरलेल्या रिटर्नमध्ये चूक सापडली तर 31 डिसेंबर 2025 पर्यंत सुधारित रिटर्न देता येत होतं. त्याच्या आदल्या वर्षीच्या रिटर्नमध्ये खोटी वजावट असेल, तर 31 मार्च 2026 च्या आत अद्ययावत रिटर्न भरायचं होतं. तेव्हा कर आणि व्याज, त्यावर आणखी 25 टक्के द्यावे लागत होते. उशीर केला तर हेच 50 टक्के होतात.

ज्यांना मेसेज आलाय त्यांनी रिटर्नची प्रत आणि पॅन घेऊन गुरुवारी 11 वाजता संकलन केंद्रावर या. तालुक्याचे एक सीए येणार आहेत. ओटीपी मात्र मलाही सांगू नका.