रोजच्या विक्रीतून कापलं जाणारं कर्ज : ‘हो’ दाबण्याआधीचा हिशेब



मासळी विकणाऱ्या आपल्या भगिनींच्या पाटीजवळ आता क्यूआरचा फलक आणि ‘इतके रुपये मिळाले’ असं ओरडून सांगणारा डबा असतोच. चार-सहा महिने व्यवहार नीट चालले की त्याच ॲपवर निरोप येतो : तुमचं कर्ज मंजूर आहे, जामीन नको, बँकेत खेपा नकोत, परतफेड रोजच्या विक्रीतून आपोआप होईल. सभासदांकडून याबद्दल विचारणा होते, म्हणून आज हाच विषय.

ही पद्धत मूळची अमेरिकेतली. दुकानात कार्डावर जी विक्री होते तिचा ठरलेला टक्का कर्ज देणारा रोज कापून घेतो. पेपालने २०१३ मध्ये आणि स्क्वेअरने २०१४ मध्ये छोट्या व्यापाऱ्यांना असं भांडवल द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे कार्डापेक्षा क्यूआर जास्त चालतो, म्हणून पेटीएम, भारतपे अशा ॲपवरून ही कर्जं आली. पैसा बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा असतो, ॲप मध्यस्थ.

खरं तर आपल्याला यात नवीन काही नाही. दलालाकडून हंगामाआधी उचल घ्यायची, म्हावरं त्यालाच घालायचं आणि प्रत्येक लिलावातून त्याने आपले पैसे वळते करायचे, हे बंदरावर पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. दलाल निदान समोर असतो, तुफान झालं तर दोन शब्द बोलता येतात. मोबाइलवरच्या करारात जे लिहिलंय तेवढंच.

पहिली गोष्ट बघायची ती ही, की कापणार आहेत तो टक्का आहे की ठरावीक रक्कम. दोन्हींना तोंडी ‘विक्रीतून कापतो’ असंच म्हणतात, पण फरक जमीन-अस्मानाचा आहे. टक्का असेल तर विक्री शून्य त्या दिवशी कापणंही शून्य. ठरावीक रक्कम असेल तर विक्री होवो न होवो, हजार म्हणजे हजार. आपल्याकडे ॲपवरून मिळणारी कर्जं पुष्कळदा या दुसऱ्या, रोजच्या हप्त्याच्या प्रकारातली असतात.

उदाहरण घेऊ. समजा, आपल्यापैकी कुणाचा नातेवाईक वडोदऱ्याला मकरपुऱ्यात जीआयडीसीच्या रस्त्यावर मासळीचं छोटं दुकान चालवतो. समुद्र तिथून लांब. पावसाळ्यात सरंगा-पापलेट कमी झालं तरी तो तळ्यातलं रोहू-कटला विकू शकतो. कारखाने बारा महिने चालू, गिऱ्हाईक बारा महिने. त्याला रोजचा हप्ता कदाचित पेलेल. तेच कर्ज बोटमालकाने घेतलं तर? महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै बंदी, म्हणजे ६१ दिवस बोट किनाऱ्यावर. रोज १,००० रुपयांचा हप्ता असेल तर बंदीच्या काळातच ६१,००० रुपये द्यायचे, आणि येणं काही नाही. खात्यात पैसे नसले की हप्ता परत जातो, बाउन्सचा दंड वेगळा, आणि क्रेडिट रिपोर्टमध्ये नोंद होते ती वेगळीच. उद्या इंजिनासाठी बँकेत गेलात की ती नोंद समोर येते.

टक्क्याचं कर्ज असलं तरी बारीक अक्षरं वाचाच. पेपालच्या करारात दर ९० दिवसांत ठरावीक वाटा फिटलाच पाहिजे अशी अट असते. तुमच्या करारात तसं काही असेल तर त्या ९० दिवसांत आपले ६१ बंदीचे निघाले की उरतात २९. तेवढ्यात काय भरणार?

आता दुसरी गोष्ट. टक्का कशावर कापतात? विक्रीवर. आणि घर चालतं नफ्यावर. मकरपुऱ्याच्या दुकानातच बघा. दिवसाची विक्री १०,०००. मासळी खरेदीला गेले ८,०००, बर्फ-टेम्पो-पिशव्या ५००. हातात राहिले १,५००. विक्रीचे १० टक्के कापले म्हणजे १,००० गेले. कर्ज देणारा सांगतो ‘फक्त दहा टक्के’, पण कमाईतले तीनात दोन भाग गेले. घरी जातात ५०० रुपये.

बोटीवर हे आणखी गुंतागुंतीचं होतं, कारण तिथे वाटणी असते. समजा, फेरीची विक्री १,००,०००. डिझेल, बर्फ, रेशन ६०,०००. उरलेल्या ४०,००० मध्ये निम्मा मालकाचा, निम्मा तांडेल-खलाशांचा. कर्जाचे १०,००० वाटणीच्या आधी कापले तर वाटायला राहतात ३०,०००, आणि खलाशांच्या हाती २०,००० ऐवजी १५,००० येतात. म्हणजे मालकाच्या कर्जातले ५,००० खलाशांनी फेडले! कर्ज नाखव्याने घेतलं, बोट नाखव्याची, तर कापणं त्याच्याच वाट्यातून व्हायला हवं. आपोआप कापल्यामुळे हे कुणाच्या लक्षात येत नाही आणि हंगामाच्या शेवटी भांडण उभं राहतं. ज्या बोटींवर वाट्याची पद्धत आहे तिथे ही गोष्ट पहिल्या फेरीआधीच तांडेलासमोर बोलून वहीत लिहून ठेवा. आमचं स्पष्ट मत आहे की बोटीच्या विक्रीवर असं कर्ज घेऊच नये, टक्का कितीही छोटा असो.

तिसरी गोष्ट किंमत. ‘एक लाख घ्या, एक लाख वीस हजार फेडा’ असं सांगतात. ऐकणाऱ्याला वाटतं वीस टक्के व्याज. पण रोज १,००० जात असतील तर कर्ज १२० दिवसांत फिटतं, आणि पहिल्या दिवसापासून मुद्दल कमी होत जातं. सरासरी निम्मीच रक्कम तुमच्याकडे राहते, तीही चार महिने. वर्षाच्या हिशेबाने हा दर ११० टक्क्यांच्या वर जातो. गंमत म्हणजे धंदा जोरात चालला, विक्री दुप्पट झाली, तर कर्ज ६० दिवसांत फिटतं आणि २०,००० मात्र तेवढेच द्यावे लागतात, म्हणजे दर आणखी चढतो. लवकर फेडल्यावर काही सूट आहे का, हे म्हणून आधी विचारायचं. तुलनेसाठी : बँकेकडून १ लाख १२ टक्क्यांनी वर्षभरासाठी घेतले तर महिन्याचा हप्ता साधारण ८,८८५ रुपये, वर्षाचं एकूण व्याज ६,६०० च्या आसपास.

हा वार्षिक दर शोधायला कॅल्क्युलेटर घेऊन बसायची गरज नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे डिजिटल कर्ज देणाऱ्याने मुख्य माहितीचं एक पत्रक द्यावंच लागतं, त्यात सगळे चार्ज धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या उद्योगांच्या मुदत कर्जांनाही हे पत्रक सक्तीचं आहे. पत्रक तुम्हाला समजेल अशा भाषेत मागा. कर्ज देणारी बँक किंवा कंपनी कोणती, तिचं नाव त्यात बघा. नावच नसेल तर तिथेच थांबा. कर्ज घेतल्यावर निदान एक दिवस तरी ते परत करून मोकळं होण्याची मुभा असते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या काळाचं व्याज द्यायचं, दंड नाही. प्रक्रिया शुल्क मात्र राखू शकतात.

करारात आणखी एक कलम शोधा. दुसरा क्यूआर लावायला किंवा खातं बदलायला मनाई आहे का? असेल तर मुदत संपेपर्यंत तुम्ही त्या एकाच ॲपला बांधलेले.

मग पैसा लागला तर जायचं कुठे? मच्छीमारांना किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ च्या अर्थसंकल्पापासून खुलं झालं. २ लाखांपर्यंतच्या खेळत्या भांडवलाला दर ७ टक्के, वेळेत फेडलं तर ३ टक्के सवलत, म्हणजे ४ टक्के. लाखावर वर्षाला ४,००० रुपये, आणि परतफेडीची तारीख हंगाम बघून ठरवता येते. शहरात फुटपाथवर पाटी लावणाऱ्या भगिनींसाठी १ जून २०२० पासून पीएम स्वनिधी आहे. त्यात वेळेवर फेडणाऱ्याला व्याजात ७ टक्के अनुदान, आणि क्यूआरवर व्यवहार केले तर वर कॅशबॅक. खेपा घालाव्या लागतात हे खरं. ॲपवरचं कर्ज महाग आहे ते बरंचसं या वाचलेल्या खेपांसाठी.

वडोदऱ्याचं नाव निघालंच आहे तर एक जुनी गोष्ट. ५ फेब्रुवारी १८८९ रोजी त्याच शहरात विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने अन्योन्य सहकारी मंडळी स्थापन झाली. देशातली पहिली सहकारी पतसंस्था म्हणून तिचं नाव घेतात. सहकाराचा कायदा आला १९०४ मध्ये, त्याच्या पंधरा वर्षं आधी या मराठी माणसांनी आपापसातल्या पैशातून एकमेकांची नड भागवायला सुरुवात केली होती. विक्रीतून वळतं करणंच सोयीचं वाटत असेल, तर ते आपल्या सोसायटीच्या मासळी बिलातून करता येईल का, हे पुढच्या सभेत मांडा. तिथे बंदीचे दोन महिने कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत.

ज्यांनी असं कर्ज आधीच घेतलंय त्यांनी बंदी लागायची वाट बघू नये. मे महिन्यातच कर्ज देणाऱ्याला लेखी कळवा की जून-जुलैत उत्पन्न नसेल, हप्ता पुढे ढकला, आणि पोच ठेवा. तक्रार केल्यावर ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार फुकट करता येते. माहितीसाठी त्यांचा फोन १४४४८. कर्जाचं पत्रक, करार आणि खात्याचा उतारा हाताशी ठेवूनच फोन लावा.