निसर्गपाठ : पाणथळीचे पक्षी व त्यांची पिसे

भीमेवरील उजनी जलाशयात भिगवणजवळ कोळी मासेमारी करीत असता काठच्या उथळ पाण्यात पक्षीही आपले भक्ष्य शोधीत असतात. राखी बगळा स्तब्ध उभा राहून मासा टिपतो. लांब तांबड्या पायांचा शेकाट्या चिखलातील किडे वेचतो. चोच व पाय यांवरून प्रत्येकाचे अन्न विद्यार्थ्यांकडून ओळखवून घ्यावे.

पांढऱ्या बगळ्यांच्या पाठीवर विणीच्या काळात तलम पिसे येतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील स्त्रियांच्या टोप्यांसाठी त्यांना मोठी मागणी होती. पक्षी घरट्यापाशीच मारले जात व पिले उपाशी मरत. अखेर १९०२ साली हिंदुस्थान सरकारने पिसांच्या निर्यातीस बंदी केली.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यात प्राण्यांच्या अवयवांबरोबर पीस, अंडे व घरटे यांचाही समावेश आहे. मृत आढळलेला संरक्षित पक्षी शासनाची मालमत्ता ठरतो. मोराच्या शेपटीच्या पिसांना दिलेली सवलत इतर पक्ष्यांस लागू नाही. यास्तव शाळेच्या संग्रहासाठी पिसे आणवू नयेत. पडलेले पीस जागीच ठेवून त्याचे चित्र काढवावे. नोंदवहीत दिनांक, स्थळ व पक्ष्याचे नाव लिहवून घ्यावे.

प्रश्न : विणीच्या काळात एक बगळा मारल्याने किती जीवांची हानी होते?