प्राणवायूची कोठडी आणि कर्करोगाचा रुग्ण

मागे एकदा दवाखान्यात मिऱ्याकडचे एक तांडेल आले. वय ५६. जिभेच्या कडेला झालेल्या कर्करोगाची शस्त्रक्रिया मुंबईला झालेली आणि त्यानंतर सहा आठवड्यांचे किरणोपचार चालू होते. त्यातले तीन आठवडे पार पडले होते. तोंड आलेले, घास गिळवत नाही, चव गेलेली. माणूस कंटाळून चार दिवसांसाठी म्हणून घरी आला होता. बरोबरच्या मुलाने खिशातून घडी घातलेले एक रंगीत पत्रक काढून माझ्यापुढे ठेवले. 'कर्करोगाच्या पेशी प्राणवायूत जगू शकत नाहीत' असे त्यावर ठळक अक्षरांत छापले होते. खाली काचेच्या नळकांड्यात झोपलेल्या एका बाईचे चित्र आणि चाळीस बैठकांचा दर.

"डॉक्टर, बाबांना भाजून घेण्यापेक्षा हे बरं ना? होडीतला आमचा हिस्सा काढतो, पण परत तिकडे नेत नाही."

असे पत्रक आता बऱ्याच घरांत पोचत असेल, म्हणून आजचा लेख या कोठडीवर. ही कोठडी म्हणजे थोतांड नव्हे, हे प्रथम सांगतो. तिचे काम ठरलेले आहे. ते मात्र पत्रकात लिहिलेले काम नव्हे.

आपण श्वासातून घेतो त्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो. रक्तातले हिमोग्लोबिन तो उचलून अवयवांपर्यंत नेते. निरोगी माणसात हिमोग्लोबिनच्या या गाड्या मुळातच ९७ टक्के भरून धावत असतात. त्यामुळे नुसता जास्त प्राणवायू हुंगला तरी त्यांत फारसा मावत नाही. पण रक्तातल्या पाण्यात, म्हणजे रक्तद्रवात, वायू विरघळू शकतो आणि दाब वाढवला की तो जास्त विरघळतो. गोटी सोड्याची बाटली आठवा. गोटी घट्ट बसलेली असते तोवर वायू पाण्यात मुरलेला असतो आणि गोटी दाबली की फसफसून बाहेर येतो. साध्या हवेत १०० मिलीलिटर रक्ताच्या द्रवात जेमतेम ०.३ मिलीलिटर प्राणवायू विरघळलेला असतो. तिप्पट दाबाखाली शुद्ध प्राणवायू दिला तर तो सुमारे ६ मिलीलिटरपर्यंत जातो. विश्रांती घेणाऱ्या शरीराची गरज साधारण तेवढीच असते. १९६० साली ॲमस्टरडॅमच्या बोरेमा या शल्यविशारदांनी डुकरांच्या अंगातले जवळजवळ सगळे रक्त काढून, नुसत्या द्रवावर आणि दाबाखालच्या प्राणवायूवर त्यांना जिवंत ठेवून दाखवले होते.

या कोठड्यांचा मूळ उपयोग पाण्याखाली काम करणाऱ्यांसाठी. खोलवरून घाईने वर येणाऱ्या पाणबुड्याच्या रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा पाया घालताना, १८७०नंतरच्या दशकात, अनेक मजूर या विकाराने लुळे झाले आणि पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग यांनाही तो जडला. मुंबईत कुलाब्याच्या नौदलाच्या 'अश्विनी' रुग्णालयात अशी कोठडी आहे ती मुख्यतः पाणबुड्यांसाठीच. मालवण-तारकर्लीला हौशी लोकांचे समुद्रात उतरणे वाढल्यापासून आपल्या किनाऱ्यालाही हा विषय परका राहिलेला नाही. कोळशाच्या धुराची विषबाधा, वायूचा गँगरीन, मधुमेह्याच्या पायाची न भरणारी जखम यांतही ही कोठडी वापरतात.

आता कर्करोगाकडे वळू. पत्रकातल्या वाक्याचा उगम बहुधा जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांच्या संशोधनात आहे. त्यांना १९३१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कर्कपेशी प्राणवायू हाताशी असतानाही साखर आंबवून ऊर्जा मिळवतात, असे त्यांना दिसले होते. त्यावरून 'प्राणवायू दिला की त्या मरतात' असा उलटा निष्कर्ष लोकांनी काढला. पण जरा विचार करा. फुफ्फुसाइतका ताजा प्राणवायू दुसऱ्या कोणत्या अवयवाला मिळतो? तरी तिथे कर्करोग होतोच. कोठडीतल्या प्राणवायूने कर्करोग बरा होतो याला पुरावा नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानेही त्यासाठी तिला मान्यता दिलेली नाही. दुसऱ्या बाजूने, या उपचाराने कर्करोग भडकतो अशी भीतीही काहीजण घालतात. आजवरच्या अभ्यासांत तसेही आढळलेले नाही.

मग प्राणवायूचा आणि कर्करोगाच्या उपचारांचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो किरणोपचारातच आहे. किरणांनी पेशीतल्या जनुकद्रव्याला होणारी इजा प्राणवायू असला तर पक्की होते. तो नसेल तर पेशी ती दुरुस्त करून घेते. गाठीच्या पोटात, जिथे रक्त पोचत नाही, तिथल्या पेशींना मारायला अडीच-तीनपट जास्त किरण लागतात. इंग्लंडमध्ये ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली हे मांडले. त्यानंतर लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात चर्चिल-डेव्हिडसन यांनी रुग्णाला दाबाच्या कोठडीत ठेवून तिच्या भिंतीतून किरण देण्याचे प्रयोग केले. डोके व मानेच्या कर्करोगात गाठ आटोक्यात राहण्याचे प्रमाण काहीसे वाढले, पण निरोगी भागालाही जास्त इजा झाली, काहींना आकडी आली आणि रोज इतका खटाटोप करणे जमेना. पुढे किरणयंत्रे सुधारली आणि ही पद्धत मागे पडली.

यातून आपल्या घरात उपयोगी पडणारी एक गोष्ट मात्र उरते. किरणोपचार चालू असताना जो विडी-सिगारेट ओढतो, त्याच्या हिमोग्लोबिनच्या गाड्यांत धुरातला कार्बन मोनॉक्साइड बसतो आणि प्राणवायूची जागा अडवतो. कॅनडात १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, डोके-मानेच्या कर्करोगाच्या ज्या रुग्णांनी उपचारांदरम्यान धूम्रपान चालू ठेवले त्यांच्यातील ४५ टक्क्यांची गाठ पूर्ण विरघळली. ज्यांनी ते सोडले त्यांच्यात हे प्रमाण ७४ टक्के होते. ज्या घरात कोठडीसाठी होडीतला हिस्सा विकायची तयारी असते, त्याच घरात विडीचे बंडल लपवून रुग्णाला पोचवणारा एखादा भाचाही असतो. मी पाहिला आहे.

कोठडीचा खरा उपयोग किरणोपचार संपून महिने-वर्षे उलटल्यावर, आणि तोही काही थोड्या रुग्णांना, होतो. किरणांनी बारीक रक्तवाहिन्या हळूहळू बंद होत जातात. तो भाग प्राणवायूवाचून कुपोषित राहतो. एरवी काही कळत नाही, पण तिथे जखम झाली की ती भरत नाही. याचे सर्वांत वाईट रूप म्हणजे खालच्या जबड्याचे हाड सडणे. मशेरी, तंबाखू, सुपारी यांमुळे आपल्याकडे तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण पुष्कळ. किरणोपचाराने लाळ आटते, लाळ आटली की दात किडतात आणि बरे झालेला माणूस तीन वर्षांनी गावातल्या दंतवैद्याकडे जाऊन, किरणांचा उल्लेखही न करता, दाढ काढून घेतो. भोक बुजत नाही, हाड उघडे पडते, पू येऊ लागतो. म्हणून किडलेले दात किरणोपचार सुरू होण्याआधीच काढून टाकायचे आणि नंतर आयुष्यभर प्रत्येक दंतवैद्याला आधी किरणोपचाराचा कागद दाखवायचा.

कोठडीत दाबाखालचा प्राणवायू वारंवार मिळाला की अशा भागात नव्या बारीक रक्तवाहिन्या फुटू लागतात. या आधारावर अमेरिकेतले मुखशल्यविशारद रॉबर्ट मार्क्स यांनी १९८०च्या दशकात दात काढण्यापूर्वी २० आणि नंतर १० बैठका अशी पद्धत घालून दिली. ती बरीच वर्षे जगभर चालली. पण २०१९ साली ब्रिटनमधील 'होपॉन' चाचणीचे निष्कर्ष आले. कोठडीत गेलेल्यांत हाड सडण्याचे प्रमाण ६.४ टक्के आणि न गेलेल्यांत ५.७ टक्के, म्हणजे फरक नाही. आतड्याच्या जुन्या किरण-त्रासावरही २०१६च्या ब्रिटिश चाचणीत कोठडीचा लाभ दिसला नाही. मूत्राशयाचे मात्र वेगळे. किरणांनंतर वारंवार लघवी, जळजळ, रक्त जाणे असा त्रास असलेल्या ७९ रुग्णांवरची स्वीडन-नॉर्वेकडची चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली आणि त्यात ३० ते ४० बैठकांनी स्पष्ट आराम पडला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे किरणोपचार झालेल्या आपल्याकडच्या स्त्रिया हा त्रास लाजेने वर्षानुवर्षे अंगावर काढतात. त्यांनी आपल्या कर्करोगतज्ज्ञांना या उपचाराबद्दल जरूर विचारावे.

कोठडीत काय होते? दाब दोन ते अडीच पट, म्हणजे समुद्रात दहा-पंधरा मीटर खाली असतो तेवढा. बैठक साधारण दीड तासाची, आठवड्यातून पाच दिवस. दाब वाढताना आंबा घाट उतरताना बसतात तसे कानात दडे बसतात. आवंढा गिळला की सुटतात. काहींची नजर काही आठवडे बदलते. मधुमेह्याची साखर उतरू शकते. आकडी येणे क्वचित. फुफ्फुसाभोवती हवा साठलेली असेल तर कोठडी जिवावर बेतू शकते. ब्लिओमायसिन, डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लाटिन यांसारखी औषधे घेतलेली असतील तर ते आधी सांगितलेच पाहिजे. आत सुती कपडेच घालायचे. डोक्याला तेल, मोबाइल, आगपेटी काही चालत नाही. इटलीत मिलान येथे १९९७ साली अशा कोठडीला आग लागून ११ जण गेले. केंद्रात शिरताना तुमचे खिसे कोणी तपासत नसेल तर तिथून परत फिरा.

तांडेलांच्या मुलाला यातले निम्मेच सांगितले. जास्त वेळ गेला तो खंड पडल्याने होणारे नुकसान समजावण्यात. डोके-मानेच्या कर्करोगात किरणोपचार लांबला तर दर दिवसामागे गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता सुमारे एक टक्क्याने घटते असे मानतात, आणि त्यांचे चार दिवस आधीच गेले होते. तोंडासाठी मिठा-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या, दुखणे कमी करायचे औषध, पेज आणि पातळ खिमट असे लिहून दिले. गिळणे अगदीच बंद झाले तर नाकातून नळी घालतात, त्याला घाबरू नका, हेही सांगितले.

त्याच रात्रीच्या गाडीने ते मुंबईला गेले. उरलेले तीन आठवडे पूर्ण झाले. होडीतला हिस्सा शाबूत आहे. परवा तांडेल पुन्हा आले होते, डावीकडची दाढ हलते म्हणून. कागद बरोबर आणला होता. दाढ इथे काढायची नाही, ज्या रुग्णालयात किरण घेतले तिथल्याच दंतविभागात दाखवायची, असे ठरवून त्यांना चिठ्ठी दिली आहे.