लॅबचे मशीन घेण्यापूर्वी हिशेब मांडा

डीएमएलटी झालेल्या मुलाने उमरगा, परंडा किंवा कळंबला लॅब टाकायची म्हटले की पहिला प्रश्न मशीनचा येतो. भांडवल बहुधा वडिलांच्या दुकानातून जाते, म्हणून हा विषय आम्ही या पानावर घेत आहोत.

रक्तपेशी मोजणारे यंत्र अमेरिकेचे वॉलेस कूल्टर यांच्या शोधावर चालते. त्याचे पेटंट १९५३ चे. पातळ केलेले रक्त एका बारीक छिद्रातून ओढले जाते. छिद्रातून वीज वाहत असते. पेशी आत शिरली की विजेला क्षणभर अडथळा होतो. अडथळे मोजले की पेशींची संख्या कळते, अडथळा किती मोठा यावरून पेशीचा आकार कळतो. सूक्ष्मदर्शकाखाली माणूस काही शे पेशी मोजतो, यंत्र मिनिटभरात हजारो मोजते.

पण यंत्रालाही चकवा बसतो. नळीतील ईडीटीए या औषधामुळे काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि यंत्र आकडा कमी दाखवते. अहवालात चाळीस हजार पाहून घरचे लोक घाबरतात, गाडी करून रुग्णाला सोलापूरला हलवतात. काचपट्टीवर थेंब पसरून पाहिला असता तर गुठळ्या दिसल्या असत्या. हिवतापाचे जंतूही काचपट्टीवरच शोधावे लागतात. तेव्हा मशीन आले तरी जुना सूक्ष्मदर्शक विकू नका!

साखर, क्रिएटिनीन यांसाठी सेमी-ऑटो आणि फुली-ऑटो असे दोन प्रकार मिळतात. सेमी-ऑटोत रक्तजल व रिएजंट हाताने मिसळायचे, यंत्र फक्त रंग वाचते. फुली-ऑटो मिसळणे, तापवणे, धुणे सारे स्वतः करते. त्याला शुद्ध केलेले पाणी लागते, बोअरचे जड पाणी चालत नाही. वीज गेली तर यूपीएस हवाच.

खरी मेख करारात असते. काही विक्रेते मशीन ‘फुकट’ ठेवतात, मात्र दरमहा ठरावीक रकमेचे रिएजंट त्यांच्याकडूनच घ्यावे लागते. समजा ही रक्कम चाळीस हजार आहे. महिन्याला २६ दिवस, रोज दहा नमुने धरले तर नमुन्यामागे सुमारे १५४ रुपये नुसत्या रिएजंटचे झाले. रोज चाळीस नमुने आले तर हाच खर्च ३८ रुपयांवर येतो. ज्याच्याकडे दहाच नमुने येतात त्याने सेमी-ऑटोवर सुरुवात करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. कोणत्याही कंपनीचे रिएजंट चालणारे मशीन असेल तर आणखी बरे.

हिशेबात पॅथॉलॉजिस्टचे मानधनही धरा. अहवालावर पॅथॉलॉजीतील पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. मशीनने छापलेला कागद त्या सहीची जागा घेत नाही.

आणि दुरुस्तीचा माणूस कोठून येणार, किती तासांत येणार, हे सही करण्याआधी करारात लिहून घ्या. तो पुण्याहून येणार असेल, तर तोवरचे नमुने कोणत्या लॅबकडे व काय दराने पाठवायचे, तेही आधीच ठरवून ठेवा.