पपईचा सरकारी डॉक्टर



चौथीला परिसर अभ्यास घेत होते. सार्वजनिक सेवा म्हणजे काय, तर मुलांनी दवाखाना, एसटी, पोस्ट अशी नावं पटापट सांगितली. तेवढ्यात मागून एकाने विचारलं, "मॅडम, पपईचा सरकारी डॉक्टर असतो का?" आमची शाळा शहादा तालुक्यातली. त्याच्या घरची पपई त्या वर्षी व्हायरसने गेली होती. वर्गात कुणी हसलं नाही.

मी "असतो" म्हणाले खरं, पण तो कुठे बसतो, त्याला पगार कोण देतं, हे मलाही धड सांगता येईना. घरी वाचलं आणि पुढच्या दोन तासिका यालाच दिल्या.

आधी रोग समजावला. हा पपईचा रिंगस्पॉट विषाणू. मावा एका झाडाचा रस शोषून दुसऱ्यावर बसला की काही क्षणांत तो पसरतो. पानं बारीक होतात, फळावर गोल कडी उठतात. लागलेलं झाड कुठल्याही फवारणीने बरं होत नाही. मग इलाज एकच, रोगाला तोंड देणारी जात शोधणं. हे काम एकट्या शेतकऱ्याला परवडणारं नाही.

मग फळ्यावर नकाशा काढला. आपला जिल्हा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या क्षेत्रात येतो. तिथला पगार मुख्यतः राज्य सरकारचा. जळगावला केळी संशोधन केंद्र आहे. केंद्र सरकारच्या संस्था वेगळ्या: केळीसाठी तिरुचिरापल्ली (1993), द्राक्षासाठी पुणे (1997), डाळिंबासाठी सोलापूर (2005). पपईला असं स्वतःचं राष्ट्रीय केंद्र नाही. भारतीय कृषी संशोधन संस्थेचं पुण्याचं केंद्र या विषाणूवर काम करतं. मुलांना हे लगेच खटकलं. "डाळिंबाला आहे, आपल्याला नाही?"

इथे गणितही आलं. अखिल भारतीय समन्वित प्रकल्पात विद्यापीठांना 75 टक्के पैसा केंद्राकडून, 25 टक्के राज्याकडून. शंभर रुपयांच्या नोटा कागदाच्या करून वाटल्या, पाऊण आणि पाव आपोआप समजलं. आपल्या कोळद्याच्या कृषी विज्ञान केंद्राचा खर्च मात्र पूर्ण केंद्राचा. अशा एका केंद्राला मंजूर पदं 16. त्यात एक प्रमुख आणि सहा विषयतज्ज्ञ, म्हणजे फळबागेला फार तर एक माणूस. आणि तालुके सहा! धडगावच्या डोंगरातला आंबा आणि शहाद्याची पपई त्यानेच बघायची.

रिक्त पदांचं दुखणं आपल्या शाळांना नवीन नाही, विद्यापीठांतही ते आहेच. पण फळझाडाचं वेगळं असतं. बाजरीचा प्रयोग बुडाला तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पेरता येतो. आंब्याचा संकर केला तर पहिलं फळ दिसायलाच पाच-सात वर्षं जातात, पुढे कितीतरी हंगामांच्या नोंदी. मधली दोन वर्षं नोंदवही लिहायला कुणी नसलं की आधीची मेहनतही वाया जाते. 1990 पासून रोजगार हमीतून फळबाग लावायला सरकारने भरपूर पैसा दिला, बागा वाढल्याही. लावलेल्या झाडांकडे बघणारी माणसं मात्र त्या हिशोबाने वाढली नाहीत, असं मला वाटतं.

शेवटी हवाईची गोष्ट सांगितली. तिथल्या मुख्य पपई भागात 1992 मध्ये हाच विषाणू शिरला. सरकारी पैशावर तिथलं संशोधन त्याआधीच काही वर्षं सुरू होतं, म्हणून 1998 मध्ये शेतकऱ्यांना 'रेनबो' जातीचं बी फुकट वाटता आलं. ती जनुक बदललेली जात, आपल्याकडे तशा पपईला परवानगी नाही. मुलांनी लक्षात ठेवलं ते एवढंच, की रोग यायच्या आधी कुणीतरी कामाला लागलं होतं.

आता मुलं कोळद्याच्या केंद्राला पत्र लिहिताहेत. मी फक्त शुद्धलेखन बघते, प्रश्न त्यांचेच. "तुमच्याकडे पपईचे साहेब आहेत का? ते बदलून गेले तर त्यांची वही कोणाकडे असते?"